लवकर सुकणारे नेलपॉलिश : घरगुती वापर आणि तुलना

लवकर सुकणारे नेलपॉलिश म्हणजे नखावर लावल्यानंतर एक-दोन मिनिटांत बोटाला चिकटेनासे होणारे रंगीत किंवा पारदर्शक द्रावण. बोलण्यात त्याला नेलपॉलिश किंवा नेलपेंट म्हणतात. ‘नखरंग’ हा शब्द छापील मजकुरात भेटतो, दुकानाच्या काउंटरवर तो कोणी उच्चारत नाही. बाटलीवर ‘क्विक ड्राय’ असे छापलेले असते खरे, पण किती जाड थरासाठी आणि कोणत्या हवेत, हे त्यावर क्वचितच सांगितलेले असते. त्यामुळे स्वस्त बाटल्यांची तुलना करताना ‘सुकणे’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. वरचा थर बोटाला न लागणे ही पहिली गोष्ट. तिला मिनिटे लागतात. आतला थर घट्ट होणे ही दुसरी. तिला काही तास लागतात. रात्री दहाला लावलेले, अकराला ‘सुकलेले’ आणि सकाळी चादरीच्या विणीचा ठसा घेऊन उठलेले नेलपॉलिश हा या दोहोंतील फरकाचा घरोघरी दिसणारा पुरावा आहे.

घडण आणि सुकण्याची क्रिया : साध्या नेलपॉलिशचा कणा नायट्रोसेल्युलोज हा असतो. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो मिळतो आणि द्रावक (इतर घटक विरघळवून ठेवणारा, हवेत उडून जाणारा द्रव) उडून गेल्यावर त्याचा चकचकीत, कडक पापुद्रा उरतो. १९२०च्या दशकात मोटारींसाठी याच पदार्थाचे लवकर वाळणारे रंग निघाले आणि आजच्या नखांच्या रंगांची वाट तेथूनच फुटली. रेव्हलॉन ही कंपनी १९३२ मध्ये रंगद्रव्य घातलेल्या अपारदर्शक नेलपॉलिशच्याच बळावर उभी राहिली. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या रंगकामावर असलेल्या माणसाला घरी मुलीने बाटली उघडताच वास ओळखीचा वाटतो, तो उगीच नव्हे. नायट्रोसेल्युलोजचा नुसता पापुद्रा ठिसूळ असतो, म्हणून त्यात चिकटपणासाठी राळ आणि लवचिकपणासाठी प्लॅस्टिसायझर घालतात. रंगद्रव्य तळाशी बसू नये म्हणून खास प्रक्रिया केलेली माती मिसळतात. बाटलीत खडखडणारी गोळी त्या रंगद्रव्याला पुन्हा हलवण्यासाठी असते.

सुकण्याचा वेग ठरवतात ते द्रावक. त्यांतील मुख्य दोन म्हणजे ईथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेट. पहिला ७७ अंश सेल्सिअसला उकळतो, दुसरा सुमारे १२६ अंशांना. रंगउद्योगात ब्यूटाइल अ‍ॅसिटेटचा उडण्याचा वेग १ धरून इतर द्रावक मोजण्याची पद्धत आहे. त्या मापाने ईथाइल अ‍ॅसिटेट साधारण ४ भरतो आणि अ‍ॅसिटोन त्याच्याही पुढे जातो. मग सगळे ईथाइल अ‍ॅसिटेटच का घालू नये, असा प्रश्न येथे साहजिक आहे. तसे केल्यास कुंचल्याचा दुसरा फराटा ओढेपर्यंत पहिला अडखळू लागतो, रेघा उमटतात आणि पृष्ठभाग सपाट बसायला वेळच मिळत नाही. ‘क्विक ड्राय’ बाटलीत द्रावकांचे प्रमाण वेगाच्या बाजूला थोडे झुकवलेले असते, आणि म्हणूनच अशी बाटली वापरणाऱ्याचा हात झपझप चालावा लागतो. नाशिकच्या वाचकाला ईथाइल अ‍ॅसिटेटची आणखी एक ओळख असू शकेल : बिघडलेल्या वाइनला नेलपॉलिशसारखा वास येतो, तो याच पदार्थाचा. आंबवताना तयार होणारे अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून तो वाइनमध्ये उतरतो.

जाड थर हा सुकण्याचा खरा शत्रू होय. द्रावक वरून उडतो, वर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो आणि खालच्या द्रावकाला बाहेर पडायची वाट अरुंद होते. महागड्या बाटलीचा एक जाड हात (थर) आणि स्वस्त बाटलीचे दोन पातळ हात यांत दुसरे आधी घट्ट होतात, आणि बहुतेक घरगुती तक्रारींचे मूळ येथेच सापडते. पहिल्या व दुसऱ्या हातांत दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. कुंचला बाटलीच्या तोंडावर एका बाजूने पुसून घ्यावा. नखाच्या मधोमध एक आणि दोन्ही कडांना एकेक असे तीन फराटे पुरतात. शेवटी टोकाच्या कडेवरून कुंचला आडवा फिरवला, तर पापुद्रा टोकाकडून उचलला जाण्याचे लांबते. नख तेलकट किंवा ओले असल्यास कोणतीही बाटली टिकत नाही. पाणी शोषल्यावर नख फुगते आणि वाळल्यावर पुन्हा आकसते, त्यावरचा पापुद्रा मात्र तसा आकसत नाही. भांडी घासून लगेच बसणाऱ्यांचे नेलपॉलिश दुसऱ्याच दिवशी का निघते, याचे उत्तर यात आहे.

हवेचा परिणाम : नाशिकची हवा वर्षातून तीनदा आपला स्वभाव बदलते, आणि तोच रंग तीन प्रकारे वागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात द्रावक भराभर उडतो. दुपारी तर कुंचल्यावरच दाटपणा जाणवतो आणि बुडबुडे धरतात. अशा वेळी पंख्याखाली न बसता सकाळी काम उरकणे बरे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, द्रव दाट होतो आणि द्रावकही सावकाश उडतो. बाटली काही वेळ तळहातांत फिरवून ऊब दिली, तर थर पातळ बसतो. पावसाळ्यात वेगळाच प्रकार होतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर टिपले जाते आणि गडद रंगावर दुधट झाक येते. गाड्यांच्या रंगकामातही भर पावसात हाच दोष दिसतो. आषाढ-श्रावणात ‘रंग खराब निघाला’ म्हणून परत केलेली बाटली पुष्कळदा निर्दोष असते.

बाजारातील बाटल्या : मेन रोड, शालिमार, रविवार कारंजा या जुन्या बाजारभागात शृंगारसाहित्याच्या दुकानांत शेड बोटावर लावून पाहता येते, कॉलेज रोड व गंगापूर रोडकडची दुकाने आणि ऑनलाइन खरेदी हा दुसरा मार्ग. स्वस्त गटात एल १८, इनसाइट, स्विस ब्यूटी, ब्लू हेवन ही नावे नेहमी दिसतात. त्याच्या वरच्या पायरीवर लॅक्मे, मेबलिन, फेसेस कॅनडा, कलरबार. लॅक्मे १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने सुरू केलेला, आता हिंदुस्तान युनिलिव्हरकडे असलेला ब्रँड आहे, आणि एल १८ हेही त्याच घरचे धाकटे अपत्य. आयात मालात सॅली हॅन्सनची ‘इन्स्टा-ड्राय’ ही खास झटपट सुकण्यासाठीच निघालेली मालिका आहे. साठ सेकंदांत सुकण्याचा तिचा दावा आहे आणि तिचा कुंचला रुंद व चपटा असल्याने एका फराट्यात नख व्यापते. वेगाचे बरेचसे श्रेय या कुंचल्यालाही द्यायला हवे, कारण फराटे कमी पडले की थर सारखा आणि पातळ राहतो.

किमतीची तुलना बाटलीच्या आकड्यावरून केली की फसगत होते. देशी बाटल्या बहुधा ५ किंवा ६ मिलिलिटरच्या असतात, आयात बाटली ९ मिलिलिटरच्या वर जाते. समजा ५ मिलिलिटरची बाटली ६० रुपयांना मिळाली, तर मिलिलिटरला १२ रुपये पडले; ९ मिलिलिटरची ३६० रुपयांना घेतली, तर ४०. या हिशेबात सहसा न धरली जाणारी बाब म्हणजे दर वेळी झाकण उघडताना थोडा द्रावक उडतो आणि शेवटचा तिसरा हिस्सा दाट होऊन वाया जातो. महिन्यातून एकदोनदाच नखे रंगवणाऱ्या घरात म्हणूनच लहान बाटली खरी स्वस्त पडते. ज्या बाटलीचा एक शेड आवडला, तिचा दुसरा शेडही तसाच सुकेल असे मात्र धरू नये. मॅट (बिनचकाकीचा) प्रकार लवकर सुकतो. पांढरे व फिक्के रंग टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे दाट असून रेघा सोडतात. पारदर्शक गुलाबीला तीन हात लागतात आणि तिसऱ्या हाताने लवकर सुकण्याचा सगळा फायदा संपतो. चमकीचा थर मुळातच जाड असतो.

घरी तुलना करायची झाल्यास काचेची एक बशी पुरते. तिच्यावर तीन बाटल्यांचे एकेक पातळ फराटे शेजारी शेजारी ओढावेत आणि दर मिनिटाला फराट्याच्या कडेला करंगळी अलगद टेकवावी. कोणता आधी चिकटेनासा झाला ते लिहून ठेवावे, आणि मग अर्ध्या तासाने सुती फडक्याची घडी प्रत्येकावर दाबून पाहावी. पहिल्या परीक्षेत जिंकलेली बाटली दुसरीत हरू शकते. नख काचेपेक्षा ऊबदार असल्याने नखावरचा प्रत्यक्ष वेळ थोडा कमी भरेल, तुलनेला मात्र त्याने बाध येत नाही.

सुकवण्याचे उपाय : झटपट सुकणारा टॉप कोट, म्हणजे रंगावर शेवटी द्यायचा पारदर्शक थर, हा यांतला सर्वांत उपयोगी. तो ओलसर थरावरच लावतात. त्याचा द्रावक खालच्या थरात शिरून दोन्ही थर एकदमच घट्ट करतो. तो घाईत कडेपर्यंत न नेल्यास खालचा रंग आकसून नखाच्या टोकाशी पांढरी फट दिसते. सुकवणारे थेंब किंवा स्प्रे बहुधा उडनशील सिलिकोन व तेलाचे असतात; ते पृष्ठभाग निसरडा करतात, म्हणून धक्का लागला तर बोट घसरते आणि ठसा वाचतो, आतला थर मात्र आपल्याच गतीने वाळतो. बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवण्याने पापुद्रा तात्पुरता टणक होतो, द्रावक बाहेर पडत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा थर मऊ करते व बुडबुडे उठवते. गार हवा चालते. पार्लरमधील जेल पॉलिशचा अतिनील दिवा साध्या नेलपॉलिशवर काहीच करत नाही, कारण जेल प्रकाशाने जोडले जाते आणि साधे नेलपॉलिश द्रावक उडून वाळते.

लग्नसराईत क्रमाचा प्रश्न येतो. बांगड्या भरताना कासार हात चेपून, बोटे जुळवून हिरवा चुडा वर सरकवतो. तासाभरापूर्वी लावलेले नेलपॉलिश त्या चेपण्यात हमखास उखडते. म्हणून चुडा आधी आणि नखे नंतर. मेंदीचे याच्या उलट आहे : मेंदीने नखेही रंगतात, ते नको असल्यास आधी पारदर्शक हात देऊन ठेवतात आणि मेंदी उतरवल्यावर तो पुसतात. मेंदी गडद व्हावी म्हणून लावलेले तेल नखावरून रिमूव्हरच्या बोळ्याने टिपून काढल्याशिवाय नवा रंग धरत नाही.

घटक आणि जपणूक : टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्यूटाइल थॅलेट या आरोग्याच्या दृष्टीने नकोशा मानलेल्या तिघांना टाळलेली बाटली ‘थ्री-फ्री’ म्हणून विकली जाते, पुढे हा आकडा पाच, दहा असा वाढत गेला, तरी त्याने सुकण्याच्या वेगाविषयी काहीच कळत नाही. लहान बाटलीवर घटकांची यादी नेहमी सापडत नाही, पण परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत पाहून घ्यावी. मिश्रण ज्वालाग्राही असते. देवघरातील समईजवळ किंवा गॅसच्या ओट्याशी बसून नखे रंगवू नयेत, आणि रिमूव्हरने भिजलेला कापूसही तेथे टाकू नये. दाट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतण्याची सवय घराघरांत आहे; त्यातील अ‍ॅसिटोन, पाणी व तेल यांनी द्रवाची मूळ घडी बिघडते आणि रंग सुकला तरी चकाकी येत नाही. त्यासाठी ईथाइल-ब्यूटाइल अ‍ॅसिटेटचे नेलपॉलिश थिनर मिळते. त्याचे दोन-तीन थेंब घालून बाटली तळहातांत फिरवावी, आणि झाकण लावण्यापूर्वी तोंडावरचे आटे रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून घ्यावेत, म्हणजे झाकण घट्ट बसते आणि द्रावक आत राहतो.