चीत आणि टेकडाउन: पाठ टेकली म्हणजे नक्की काय झालं?

सांगलीजवळच्या आमच्या तालमीत परवा पोरांनी मोबाइलवर २०१० सालची ब्रॉक लेस्नर-शेन कार्विन ही एमएमएची लढत लावली होती. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा लढतीचा खेळ. कार्विननं लेस्नरला खाली पाडून ठोसे सुरू केले, तसे वस्ताद म्हणाले, "चीत झालाय की गडी! पंच सोडवंना का?"

हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. कुस्ती असो की एमएमए, पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, दोन्हीकडं काढतात, उचलून दोन्हीकडं आपटतात. पण चीत झाली, म्हणजे दोन्ही खांदे जमिनीला लागले, की कुस्ती संपते. टेकडाउन झालं, म्हणजे उभ्या गड्याला खाली पाडलं, की एमएमएची लढत फक्त उभ्यावरून जमिनीवर येते. मॅटवरच्या कुस्तीत टेकडाउनला दोन गुण ठरलेले असतात, एमएमएत तसे गुणही नाहीत. पाडून पुढं काय केलंस, ते बघतात.

खरा फरक अंगवळणी पडलेल्या सवयीत आहे. मातीतला पैलवान खाली गेला की झटकन पोटावर वळतो, हातपाय पसरून मातीला चिकटतो. खांदे लागू द्यायचे नाहीत, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. एमएमएत असं वळलं की वरचा पाठीवर चढतो आणि मागून गळा आवळतो. म्हणून तिथला गडी मुद्दाम पाठीवर राहतो, वरच्याला दोन पायांत धरतो आणि तिथूनच डाव टाकतो. याला गार्ड म्हणतात.

लेस्नर हे शिकला ते मार खाऊन. २००० साली तो अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा हेवीवेट विजेता होता. मग डब्ल्यूडब्ल्यूई या टीव्हीवरच्या कुस्तीच्या कार्यक्रमात गेला. तिथले निकाल आधीच ठरलेले, ते सोडून देऊ. फेब्रुवारी २००८ मध्ये यूएफसी या एमएमएच्या स्पर्धेतल्या पहिल्याच लढतीत त्यानं फ्रँक मीरला लगेच खाली घेतलं आणि वरून ठोशांचा मारा केला. आपल्या डोळ्यांनी बघितलं तर कुस्ती लेस्नरचीच. पण खाली पडलेल्या मीरनं त्याचा पाय धरला, गुडघा आपल्या कमरेवर अडकवून उलटा ताणला. लेस्नरनं थाप मारून हार मानली. अवघ्या दीड मिनिटात! सांधा असा मोडायला घेणं कुस्तीत चालत नाही, त्यामुळं खालच्यापासून पाय जपायचा हे कुस्तीगिराच्या मनातच येत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रँडी कुटूरला हरवून लेस्नर यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन झाला. २०१० च्या कार्विनच्या लढतीत मात्र पहिल्या फेरीत तोच खाली होता. हेवीवेट म्हणजे १२० किलोपर्यंतचा गडी, तो वरून मारतोय. तरी लेस्नर हातांनी तोंड झाकत, हलत राहिला, म्हणून पंचानं लढत थांबवली नाही. दुसऱ्या फेरीत कार्विन दमला. लेस्नरनं त्याला पाडलं, मान आणि हात एकत्र आवळले, आणि कार्विननं थाप मारली. चॅम्पियनचा पट्टा लेस्नरकडंच राहिला, तो गेला त्याच वर्षी ऑक्टोबरात, केन वेलास्केझकडं.

वस्तादांनी लढत शेवटपर्यंत बघितली. मग एका पोराला हौद्यात पाठीवर झोपवलं, त्याच्या पोटावर बसले आणि म्हणाले, "हां, आता हितनं काय करणार?"

पोरगं सवयीनं पोटावर वळलं.