चालत्या फिल्मवर लाटेचा कट: सर्वो ब्लेड बसवण्याआधी हे वाचा

गार्बेज बॅगेच्या तोंडाला चार कान असले की दोरा शोधावा लागत नाही, गाठ मारली की काम झालं. हे कान वेगळे जोडलेले नसतात. लेफ्लॅट ट्यूबच्या (म्हणजे प्लॅस्टिक फिल्मच्या चपट्या नळीच्या) मधोमध, लांबीच्या दिशेनं लाटेसारखा एकच कट मारला की ट्यूबचे दोन पट्टे होतात. दोन्ही बाजूंच्या घड्या पिशव्यांचे तळ बनतात आणि एका पट्ट्याचा उंचवटा हा दुसऱ्या पट्ट्याचा खळगा असल्यामुळे त्या कटातून स्क्रॅप निघतच नाही. पंच मारून हँडल काढणाऱ्या मशीनखाली पोती भरून तुकडे साठताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

अवघड गोष्ट एकच: फिल्म थांबत नाही, आणि तिचा वेग एकसारखाही नसतो.

ब्लेडनं घड्याळाकडे नाही, फिल्मकडे बघायचं

तुमच्या कटिंग-सीलिंग मशीनचा पुढचा भाग थांबत-थांबत चालतो. मागे अनवाइंडर (रोल उलगडणारा भाग) सलग चालतो आणि मधला डान्सर रोलर वर-खाली होऊन दोघांचं जुळवून घेतो. लाटेचा कट या सलग भागात मारायचा असतो, पण डान्सर हलला की तिथला वेगही थोडा बदलतो. स्वतंत्र मोटरवर फिरणाऱ्या क्रँकनं ब्लेड हलवलं तर वेग कमी झाल्यावर लाट आखूड होते आणि वाढला की लांबते. क्रँक गिअरनं रोलरला जोडला तर आकार टिकतो, पण पिशवीचा साइज बदलला की गिअर बदलत बसा.

आम्ही बसवतो त्या पद्धतीत फिल्मवर टेकलेलं मोजचाक एन्कोडर (फिरणं मोजून काउंट देणारं यंत्र) फिरवतं. चाकाचा घेर 200 मिमी आणि एका फेरीला 10,000 काउंट धरले, तर दर 0.02 मिमीला कंट्रोलरला नवा आकडा मिळतो. त्या आकड्यावरून ब्लेड आत्ता कुठे असायला हवं हे तक्त्यातून ठरतं आणि सर्वो मोटर (सांगितलेल्या जागी नेमकी थांबणारी मोटर) त्याला तिथं नेते. यालाच इलेक्ट्रॉनिक कॅम म्हणतात. फिल्म हळू चालली की ब्लेडही हळू चालतं, फिल्म थांबली की तेही थांबतं, लाट तीच राहते. साइज बदलायचा तर स्क्रीनवर त्या साइजची साठवलेली सेटिंग, म्हणजे रेसिपी, निवडायची.

वेग वाढवण्याआधी हा हिशेब करा

लाटेची लांबी 400 मिमी, उंचवट्यापासून खळग्यापर्यंत 80 मिमी आणि फिल्म मिनिटाला 60 मीटर. म्हणजे एक लाट 0.4 सेकंदात पुरी व्हायला हवी. लाटेच्या टोकाशी ब्लेडला उलटं फिरताना जे त्वरण सोसावं लागतं, ते साधारण 10 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं. आता वेग 120 करा. दुप्पट वेगाला त्वरण चौपट होतं, आणि मोटर, बेल्ट, बेअरिंग सगळ्यांवर तेवढाच जास्त भार येतो. ‘मशीन आहे तेच, फक्त स्पीड डबल करून द्या’ ही मागणी आम्हाला नेहमी येते, म्हणून हे आकडे इथं मुद्दाम दिले आहेत.

लाट 800 मिमी लांब केली तर 120 च्या वेगालाही त्वरण पहिल्याइतकंच राहतं. पण मग 800 मिमी रुंद पिशवीला चारऐवजी दोनच कान मिळतात. निवड तुमच्या गिऱ्हाइकाला काय चालेल यावर आहे.

ब्लेड फिरतंही

नुसतं डावं-उजवं सरकणारं ब्लेड पुरत नाही. वर हिशेब केलेल्या 400 मिमीच्या लाटेत कट सर्वात तिरपा असतो तिथं त्याचा कोन सुमारे 32 अंश होतो. ब्लेड सरळच राहिलं तर फिल्म त्याच्या धारेऐवजी अंगावर घासते, आधी ताणली जाते आणि मग फाटते. म्हणून दुसरी छोटी सर्वो ब्लेडला प्रत्येक क्षणी कटाच्या दिशेनं वळवत असते.

इथं एक बारकावा आहे आणि तो मेंटेनन्सवाल्यांनी नीट लक्षात ठेवावा. ब्लेडचं टोक फिरण्याच्या अक्षावरच असायला हवं. ते 5 मिमी मागे राहिलं, तर 32 अंशांवर टोक अडीच मिलीमीटरहून जास्त बाजूला जातं आणि लाट बिघडते. वेगळ्या मापाचं ब्लेड लावलं की टोकाचं अंतर मोजून कंट्रोलरमध्ये भरायचंच. ब्लेड बदलताना मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि कटप्रूफ हातमोजे घाला. सर्वो उभी दिसते तेव्हा ती बंद असतेच असं नाही.

ताण जमला नसेल तर आमची ऑर्डर थांबवा

हे आम्ही मनापासून सांगतो. ब्लेडखाली फिल्म 1 टक्का ताणलेली असेल, तर मोकळी झाल्यावर 400 ची लाट 396 होते. दोन लाटांच्या पिशवीला 8 मिमीचा फरक पडतो. तो साठत जातो आणि पंचविसाव्या पिशवीला 200 मिमी, म्हणजे अर्धी लाट होऊन सील थेट कानावर बसतं. यावर सेन्सर लावून प्रत्येक खळगा वाचता येतो आणि सीलिंगशी जुळवता येतं. आम्ही तो लावतोही. पण ताणच वर-खाली होत असेल तर सेन्सर दिवसभर चुकांच्या मागे धावत राहतो. आधी डान्सर मोकळा हलतो का, रोलर समांतर आहेत का, रोल गोल आहे का, हे पाहा. अंडाकृती रोलवर कुठलीही इलेक्ट्रॉनिक्स चालत नाही. पारदर्शक फिल्मची कड धरायला अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या, साधा फोटोसेन्सर तिथं चकतो.

कंपोस्टेबल फिल्म अनेकदा साध्या एलडीपीईपेक्षा (नेहमीच्या पिशव्यांच्या मऊ प्लॅस्टिकपेक्षा) जास्त ताणते, तिला कमी ताण आणि जास्त धारदार ब्लेड लागतं. हीच लाट कॅरीबॅगसाठी वापरणार असाल, तर 31 डिसेंबर 2022 पासून साध्या प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगची किमान जाडी 120 मायक्रॉन आहे. पातळ गार्बेज बॅगेसाठी निवडलेलं ब्लेड त्या जाडीला आपोआप चालेल असं धरू नका.

आणखी एक, जे मशीन उभं राहिल्यावरच बऱ्याच जणांच्या लक्षात येतं: कापलेले दोन पट्टे एकमेकांपेक्षा अर्ध्या लाटेनं पुढे-मागे असतात. दोन्हीवर एकाच सीलबारनं सील मारायचं, तर एका पट्ट्याला जास्तीच्या रोलरवरून फिरवून अर्ध्या लाटेचा फरक काढावा लागतो. त्या रोलरला जागा आहे का, ते आधीच मोजा.

कट चांगला आहे, हे कसं ओळखाल

दहा पिशव्या तळ जुळवून एकावर एक ठेवा आणि कानांची टोकं बघा. ती एका रेषेत असतील तर लाट बरोबर आहे. मग कडेवरून नख फिरवा. उतारावर बारीक धागे लागले तर ब्लेड बोथट झालंय किंवा त्याचा कोन मागे पडतोय. धागे फक्त एकाच बाजूच्या उतारावर असतील, तर ब्लेड बदलण्याआधी कोनाचा झीरो (ब्लेड सरळ असतानाची शून्य जागा) तपासा.

चौकशी करताना फिल्मचा प्रकार, जाडी, लेफ्लॅट रुंदी, सध्याचा वेग आणि हवी असलेली लाट कळवा. सोबत डान्सरजवळ काढलेला चालू मशीनचा व्हिडिओ आणि तुमच्याच मालाचा एक छोटा रोल पाठवा. आम्ही त्यावर कट मारून तुकडे परत पाठवतो, किंमत त्यानंतर बोलू.