सेलमधले इलेक्ट्रॉनिक सामान सदोष निघाले तर: परतावा, तक्रार आणि ग्राहक आयोगातला अर्ज

दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला टीव्ही, इअरबड किंवा पॉवर बँक बिघडली की विक्रेत्याचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: ‘ऑफरमधला माल परत घेत नाही.’ या वाक्याला कायद्यात आधार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ पूर्ण किमतीचा माल आणि सवलतीचा माल असा भेद करत नाही. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ऑनलाइन खरेदीला ई-कॉमर्स नियम, २०२० लागू होतात. सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही, असे ते नियम सांगतात.

अपवाद एकच, पण सेलमध्ये तो नेहमी आडवा येतो. ‘रिफर्बिश्ड’ (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला), ‘बॉक्स उघडलेला’, ‘डिस्प्ले पीस’ असे स्पष्ट सांगून विकलेल्या वस्तूबद्दल, जो दोष आधीच सांगितला होता त्याची तक्रार टिकत नाही. न सांगितलेल्या दोषाची टिकते. म्हणून खरेदीच्या दिवशीच वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. सेल संपला की ते पान बदलते किंवा नाहीसे होते, आणि मग ‘आम्ही लिहिलेच होते’ हे खोडून काढायला हाती काही उरत नाही.

दोष कशाला म्हणायचे

तक्रार फेटाळली जाण्याचे एक कारण म्हणजे वैशिष्ट्यालाच दोष समजणे. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा पूर्ण चार्ज झाला नाही तर तो दोष नाही. ती क्षमता आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते. ५ व्होल्टवर बाहेर येताना ती हिशेबानेच ७,४०० होते आणि रूपांतरातली घट धरून साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच हाती लागते. चांगल्या कंपन्या हा ‘रेटेड’ आकडा खोक्यावर वेगळा छापतात. तसेच ५१२ जीबीची डिस्क संगणकावर ४७६ जीबी दिसते, कारण मोजण्याची पद्धत वेगळी. मात्र १ टीबी म्हणून विकलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ३२ जीबीनंतर फायली खराब होऊ लागल्या, तर तो माल बनावट आहे. क्षमता तपासणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा अहवाल अशा वेळी उत्तम पुरावा ठरतो.

स्वस्त टीव्हीत ‘४के सपोर्ट’ या शब्दांवर लक्ष ठेवा. ४के, म्हणजे खूप जास्त पिक्सेलच्या चित्राचा, सिग्नल स्वीकारणारा टीव्ही प्रत्यक्षात १३६६ × ७६८ पिक्सेलचा असू शकतो. शीर्षकात ‘४के टीव्ही’ आणि तपशिलात १३६६ × ७६८ असेल तर तक्रार ‘बिघाड’ म्हणून करू नका, ‘जाहिरातीप्रमाणे नाही’ म्हणून करा. कारण चुकीचे निवडले की तंत्रज्ञ येतो, टीव्ही चालू होतो हे पाहतो आणि ‘दोष आढळला नाही’ असे लिहून तक्रार बंद करतो.

चार्जर, पॉवर बँक, स्मार्ट वॉच, वायरलेस इअरफोन या वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर किंवा वेष्टनावर ‘आर-’ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पाहा. क्रमांक नसेल किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते. मोबाइलसाठी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्या आणि खोका, बिल आणि फोन या तिन्हींवर तोच आहे का ते बघा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तो तपासता येतो.

पात्रता

वस्तू स्वतःच्या वापरासाठी पैसे देऊन घेतलेली असावी, पूर्ण रोखीने किंवा हप्त्याने. तुमच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ‘ग्राहक’ ठरते, त्यामुळे भेट मिळालेल्या वस्तूची तक्रार करता येते. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर राहते, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली आत येते. इथे सेलमधला एक सापळा आहे. थोडा कर वाचावा म्हणून लोक घरच्या टीव्हीच्या बिलावर दुकानाचा किंवा ऑफिसचा जीएसटी क्रमांक टाकतात. पुढे सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, पहिला आक्षेप हाच येतो की खरेदी व्यापारी आहे. घरगुती वस्तूचे बिल स्वतःच्या नावावरच घ्या.

मुदती तीन आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. परताव्याची मुदत विक्रेत्याच्या धोरणातली असते, काही दिवसांचीच, आणि पोचल्यापासून मोजली जाते. लक्ष्मीपूजनाला उघडायचे म्हणून बाजूला ठेवलेला खोका या मुदतीत मार खातो. वॉरंटी उत्पादकाची असते आणि साधारणपणे बिलाच्या तारखेपासून चालते. ग्राहक आयोगात, म्हणजे अशा तक्रारींवर आदेश देणाऱ्या न्यायमंचात, जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे (कलम ६९). परताव्याची मुदत गेली म्हणजे हक्क गेला, असे नाही. पण कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून दोन वर्षांची मुदत पुढे सरकते, असेही धरून चालू नका.

पहिल्या आठवड्यात करायचे

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कायद्याने सक्तीचा नाही. तरीही काढा: न फोडलेली चिकटपट्टी, पत्त्याचे लेबल आणि वस्तूचा सिरीयल नंबर एकाच अखंड चित्रणात आले पाहिजेत. टीव्हीच्या फुटलेल्या पडद्यासाठी तर दुसरा उपायच नाही, कारण आपटून झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही आणि ते कुणाकडून झाले हा वाद नंतर सुटत नाही. ‘ओपन बॉक्स’, म्हणजे दारातच खोका उघडून दाखवण्याच्या, पद्धतीत ओटीपी दिला म्हणजे माल तपासून स्वीकारला, असा अर्थ लावला जातो. आधी टीव्ही चालू करून दाखवायला सांगा, मग ओटीपी द्या.

तक्रार फक्त फोनवर करू नका. ॲपमधून किंवा ईमेलने करा आणि तिकीट क्रमांक जपा. ई-कॉमर्स संस्थेला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असतोच, बहुधा अगदी तळाशी.

सर्व्हिस सेंटरला दिलेल्या प्रत्येक भेटीची जॉब शीट, म्हणजे दोष आणि केलेले काम नोंदवलेला कागद, घ्या. त्यावर दोष तुमच्या शब्दांत लिहिला आहे का ते तिथेच वाचा. ‘जनरल चेकअप’ असे लिहिलेली जॉब शीट कुचकामी असते. एकाच बिघाडाच्या तीन जॉब शीट असतील तर उत्पादन दोष दाखवायला त्या उपयोगी पडतात. सुरुवातीलाच बंद निघालेल्या वस्तूसाठी ‘डीओए’ (‘डेड ऑन अरायव्हल’, म्हणजे पोचतानाच बंद) प्रमाणपत्र मागा. बदली देण्याआधी अनेक विक्रेते तेच मागतात. गल्लीतल्या मेकॅनिककडून मात्र काही उघडून घेऊ नका, वॉरंटीही जाते आणि पुरावाही.

वस्तू परत न्यायला माणूस येण्याआधी फोनमधून आपले खाते काढून टाका, नाहीतर ‘डिव्हाइस लॉक आहे’ म्हणून तो रिकाम्या हाताने परत जातो. चार्जर, केबल, खोका सगळे द्या आणि पावती घेतल्याशिवाय वस्तू देऊ नका. बॅटरी फुगली असेल तर वस्तू कुरिअरने पाठवू नका, चार्जही करू नका. फोटो काढून कंपनीलाच ती न्यायला सांगा.

पैसे परत मिळताना काय कापले जाते

सेलच्या खरेदीत परतावा पूर्ण वाटतो, पण खात्यात कमी येतो. बँकेच्या कार्डावर मिळालेली सवलत वजा होऊन परतावा येतो, ते रास्त आहे. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत मात्र व्याजाइतकी सूट विक्रेत्याने आधी दिलेली असते. वस्तू परत गेली तरी बँकेने तोवर आकारलेले व्याज, त्यावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा परत येत नाही, आणि कर्ज बंद करण्याची विनंती वेगळी करावी लागते. जुना फोन बदल्यात दिला असेल तर तो परत मिळेलच असे नाही. ही सगळी कपात सदोष मालामुळे झाली असेल तर ती आयोगाकडे नुकसानभरपाई म्हणून मागता येते, त्यासाठी बँकेचे विवरणपत्र जोडा. कार्डाने पैसे दिले असतील आणि विक्रेता दाद देत नसेल, तर बँकेकडे ‘चार्जबॅक’चा, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा, अर्जही करता येतो. त्याला वेगळी मुदत असते, म्हणून तो लवकर करा.

१९१५ ची हेल्पलाइन

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइनचे पोर्टल आणि सरकारचे उमंग ॲप हे आणखी मार्ग आहेत. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्या या व्यवस्थेशी थेट जोडलेल्या असल्याने सरळ प्रकरणे इथेच मिटतात. पण आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही आणि आयोगात जाण्याआधी इथे येणे सक्तीचेही नाही. कंपनीने ‘निवारण झाले’ असे चुकीचे लिहून तक्रार बंद केली तर त्या नोंदीची प्रत ठेवा. आयोगापुढे ती तुमच्याच बाजूने बोलते.

आयोगात अर्ज

मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. म्हणजे घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रकरणे तिथेच. ५ लाख रुपयांपर्यंत शुल्क शून्य आहे, आणि ते दिलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो (कलम ३४). बिलावर ‘वाद अमुक शहराच्या न्यायक्षेत्रात’ असे छापलेले असले तरी त्याने घाबरू नका. वकील सक्तीचा नाही. आधी नोटीस पाठवणेही सक्तीचे नाही, पण १५ दिवसांची मुदत देणारे स्पीड पोस्टाचे पत्र किंवा ईमेल पाठवलेले बरे, त्याने नकाराची तारीख पक्की होते.

सामनेवाले कोण, यावर प्रकरण फिरते. फक्त ॲपच्या कंपनीला पक्षकार केले की ‘आम्ही केवळ बाजारपेठ पुरवतो’ असे उत्तर येते. म्हणून तिघांना घ्या: बिलावर ‘सोल्ड बाय’पुढे नाव असलेला विक्रेता, खोक्यावर छापलेला उत्पादक किंवा आयातदार, आणि ऑनलाइन मंच. विक्रेत्याचा पत्ता अपुरा असेल तर मंचाकडे लेखी मागा, खरेदीनंतर तो देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. बंद पडलेल्या पत्त्यावर नोटीस जात राहिली की महिने वाया जातात.

कागदपत्रे: बिल, पैसे दिल्याचा पुरावा, वॉरंटी कार्ड, वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट, खोक्यावरील लेबलचा फोटो, जॉब शीट, ईमेल आणि तिकिटांचा तारीखवार संच, पाठवलेली नोटीस आणि तिची पोच, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. यांबरोबर तक्रार अर्ज, तारखांची यादी, पक्षकारांचे पत्ते आणि प्रतिज्ञापत्र लागते. व्हिडिओ, चॅट असे इलेक्ट्रॉनिक पुरावे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. न जोडल्याने तक्रार लगेच बाद होते असे नाही, पण आक्षेपाला जागा राहते. बिल हरवले असेल तर ॲपच्या ‘ऑर्डर’मधून पुन्हा उतरवून घ्या. दुकानातल्या खरेदीत बँकेची नोंद आणि सर्व्हिस सेंटरकडची वॉरंटी नोंदणी हा पर्याय आहे.

अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर होतो. मोबाइल आणि ईमेलवर ओटीपी घेऊन नोंदणी करा, राज्य आणि जिल्हा निवडा, दिलेली किंमत लिहा, पक्षकार भरा, पीडीएफ चढवा. छाननीत त्रुटी निघाल्या तर पोर्टलवरच कळते, त्या वेळेत दुरुस्त करा. वाचता न येणारे स्कॅन आणि सही नसलेले प्रतिज्ञापत्र यांनी विनाकारण तारखा जातात. मागणीत किंमत, व्याज, हप्त्यांत गेलेले पैसे, मानसिक त्रास आणि अर्जाचा खर्च हे वेगवेगळे लिहा. आठ हजारांच्या टीव्हीसाठी पाच लाखांची भरपाई मागणारा अर्ज स्वतःच स्वतःला हलका करतो.

अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरते. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांना उत्तरासाठी ३० दिवस असतात, फार तर आणखी १५. दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण मध्यस्थीकडे जाते, आणि लहान रकमेच्या वादात ती खरोखर उपयोगी पडते. दोष तपासणीशिवाय कळण्याजोगा नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते आणि अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. म्हणूनच निकाल लागेपर्यंत ती बंद वस्तू भंगारात देऊ नका. कायद्याप्रमाणे तपासणी नसलेले प्रकरण तीन महिन्यांत आणि तपासणी असलेले पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हायला हवा, प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चला.

निकालाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते. अपील कंपनीचे असेल तर तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशात वस्तू परत करायची अट असेल तर पैसे खात्यात जमा झाल्यावर ती द्या आणि सिरीयल नंबर लिहिलेली पोचपावती घ्या.