मारुतीच्या छातीला पाणी आणि मोबाइलवर क्यूसेक

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककरांच्या मोबाइलवर क्यूसेकचे (दर सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते त्याचे) आकडे धडाधड येऊ लागतात. तरी घरोघरी पहिला प्रश्न जुनाच असतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे गोदाकाठचे पिढीजात पूरमापक. पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल कधी हलवायचा ते ठरवतात. सप्टेंबर २००८ चा पूर आला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच जन्मले नव्हते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत मात्र घाटावरचे व्हिडिओ तासाभरात सिडको-सातपूरपर्यंत पोचत होते. त्यांत मागल्या पुराचे व्हिडिओही 'आत्ताचे' म्हणून फिरतात, ही नवी डोकेदुखी. प्रशासनाला समाजमाध्यमांवरच्या अधिकृत खात्यावरून वेळेवर आकडा टाकण्याची निकड पटली ती, माझ्या मते, कुठल्याही परिपत्रकापेक्षा अशा अफवांमुळे.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची, महापालिका १९८२ ची. एवढ्या काळात पालिकेने लोकांशी बोलायचे म्हणजे दवंडी, नोटीस बोर्ड, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, पुढे घंटागाडीवरचा भोंगा. लोकांना पालिकेशी बोलायचे असेल तर नगरसेवक गाठायचा, नाहीतर राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, अर्ज देऊन आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याचा नोंद क्रमांक) पदरात पाडून घ्यायचा.

केंद्राने २०१२ मध्ये सरकारी संस्थांसाठी समाजमाध्यमांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०१४ मध्ये लोकांची मते मागवणारे केंद्राचे 'मायगव्ह' संकेतस्थळ आले. नाशिकला खरा रेटा बसला २०१५ मध्ये. एकीकडे सिंहस्थ, दुसरीकडे स्मार्ट सिटीची स्पर्धा. या स्पर्धेत नागरिकांच्या सहभागालाही गुण होते, म्हणून शहरे ऑनलाइन मते गोळा करू लागली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत नाशिक बसले नाही, सप्टेंबरच्या यादीत बसले. मते विचारायची सवय अशी परीक्षेच्या धाकाने लागली.

त्याच सुमारास, डॉ. प्रवीण गेडाम आयुक्त असताना, तक्रारींसाठी 'स्मार्ट नाशिक' अ‍ॅप आले. २०१८ मध्ये आयुक्त म्हणून तुकाराम मुंढे आले आणि 'एनएमसी ई-कनेक्ट' सुरू झाले. जोडीला शनिवारी सकाळी मैदानावर 'वॉक विथ कमिशनर'. खड्ड्याचा फोटो थेट प्रशासनाकडे जाऊ लागला तर मधल्या नगरसेवकाने काय करायचे? करवाढीवरून पेटलेल्या वादात त्याच ऑगस्टमध्ये मुंढेंवर अविश्वास ठराव आणण्याची तयारी झाली. ठराव बारगळला, पण नोव्हेंबरात मुंढेंची बदली झाली. आयुक्त बदलला की अ‍ॅपचे नावही बदलते, हे नाशिकने तीन वर्षांत पाहिले.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासकीय राजवट आली. पुढे कित्येक वर्षे प्रभागात निवडून आलेला माणूसच नव्हता. पाणी आले नाही, दिवा बंद आहे, हे सांगायला सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि महापालिकेला टॅग करणे, एवढेच सोपे मार्ग उरले. हौस म्हणून सुरू झालेले खाते अशा वेळी एकदम तक्रार खिडकी होते. ते चालवणाऱ्याच्या हातात मात्र ना जेसीबी असतो ना फिटर.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनात या ऑनलाइन संवादाची कसोटी लागली. पुढच्या सिंहस्थासाठीच्या साधुग्रामाच्या (साधूंच्या तात्पुरत्या वस्तीच्या) जागेवरील झाडे तोडण्याचा प्रस्ताव होता. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे सूचना प्रसिद्ध झाली, पण बहुतेकांनी ती वाचली फोनवर. झाडांचे व्हिडिओ पसरले, माणसे तपोवनात जमली, अभिनेते सयाजी शिंदेही आले. हरकत धरली गेली ती मात्र रीतसर दाखल केलेली. कमेंटला आवक क्रमांक मिळत नाही, म्हणून रील पाहून पेटलेले लोकही शेवटी अर्ज लिहायला बसले.