उजवीकडून डावीकडे: रक्ताची वाट सापडायला लागलेली दीड हजार वर्षं

हृदयाच्या मधोमध स्नायूची जाड भिंत असते. तिच्या उजवीकडे शरीरभर फिरून आलेलं काळपट रक्त आणि डावीकडे फुप्फुसांतून आलेलं लालभडक रक्त. शाळेच्या पुस्तकातली ही निळी-तांबडी आकृती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की त्यात कधीकाळी काही कोडं होतं हेच ध्यानात येत नाही. उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कुठून, या एका प्रश्नावर भलेभले अडून बसले होते.

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य गेलन (जन्म इ.स. 129) माकडं, डुकरं चिरून शरीररचना शिकला. धमन्यांमध्ये हवा असते, हा त्याच्या आधीचा समज त्यानेच खोडून काढला. धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग चिरला, तर आत रक्तच निघालं. पण त्याच्या हिशेबात रक्त फिरत नव्हतं. ते अन्नापासून यकृतात बनायचं, शिरांवाटे अवयवांकडे जायचं आणि तिथेच संपायचं. त्यातलं थोडं हृदयाच्या मधल्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून डावीकडे पाझरतं, असं त्याने मानलं. ही छिद्रं कुणीही पाहिली नव्हती, पण त्यांच्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. मग ती आहेतच असं धरलं गेलं आणि पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं.

पहिला स्पष्ट नकार आला तो कैरोहून. दमास्कसला जन्मलेल्या आणि कैरोत वैद्यकी केलेल्या इब्न अल-नफीसने 1242 मध्ये लिहिलेल्या भाष्यग्रंथात म्हटलं, की ही भिंत भरीव आहे, तिच्यात दिसणारी किंवा न दिसणारी कसलीच छिद्रं नाहीत. तेव्हा रक्त उजवीकडून फुप्फुसांत जात असलं पाहिजे, तिथे हवेशी मिसळत असलं पाहिजे आणि मग डावीकडे येत असलं पाहिजे. हे हस्तलिखित 1924 मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं, तोपर्यंत या शोधाचं श्रेय सरसकट युरोपलाच दिलं जात होतं.

युरोपात हीच गोष्ट स्पॅनिश वैद्य मायकेल सर्व्हेटसने 1553 मध्ये लिहिली, तीही धर्मशास्त्राच्या ग्रंथात. त्याच वर्षी पाखंडी ठरवून जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं. गुन्हा धर्ममतांचा होता, रक्ताचा नव्हे. पण पुस्तकाच्या प्रतीही जळाल्या आणि जेमतेम तीन उरल्या. इटलीतल्या पाडुआत शरीररचना शिकवून गेलेल्या रेआल्दो कोलंबोचं पुस्तक 1559 मध्ये आलं. फुप्फुसांकडून हृदयाकडे येणारी नळी जिवंत प्राण्यात उघडून बघा, तिच्यात हवा नाही, रक्त आहे, असं तो सांगत होता.

पाडुआतच पुढे इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे शिकला आणि 1602 मध्ये पदवी घेऊन लंडनला परतला. त्याचे गुरू फॅब्रिसियस यांनी शिरांमधल्या झडपा बारकाईने रेखाटल्या होत्या. त्या रक्ताला हातापायांकडे वेगाने धावण्यापासून अडवतात, असं गुरूंचं मत. हार्वेला मात्र झडपांची तोंडं हृदयाच्या दिशेने उघडताना दिसली. दंडाला पट्टी बांधली की कोपराखालच्या शिरा टरारतात आणि त्यांवर गाठींसारख्या झडपा दिसू लागतात. एका बोटाने शीर दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने त्यातलं रक्त वरच्या झडपेपलीकडे सारायचं. मधला तुकडा सपाट होतो आणि सपाटच राहतो, वरून थेंबभर रक्त मागे येत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरतो. कुठलंही उपकरण न लागणारा इतका चोख पुरावा वैद्यकात क्वचितच सापडेल.

त्याने पट्टी बांधण्याचेही दोन प्रकार करून पाहिले. फार आवळली तर हात गार आणि फिका पडतो, कारण खोलवरच्या धमन्याही बंद होतात. जरा सैल केली की रक्त धमन्यांतून आत येतं, पण वरच्या शिरा अजून दबलेल्या असल्याने बाहेर पडू शकत नाही, आणि हात लाल होऊन फुगतो. म्हणजे रक्त धमन्यांनी येतं आणि शिरांनी परत जातं.

पण गेलनला खरा हादरा दिला तो साध्या गुणाकाराने. एका ठोक्याला हृदय अर्धा औंस रक्त पुढे ढकलतं असं धरा, अर्ध्या तासात हजार ठोके धरा. झाले 500 औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो! इतकं रक्त यकृत कुठल्या जेवणातून बनवणार? हार्वेने आकडे मुद्दाम कमी धरले होते. आज आपण ठोक्याला सुमारे 70 मिलीलीटर आणि मिनिटाला सुमारे 5 लीटर धरतो. साऱ्या शरीरात मिळून रक्तच तेवढं असतं. 1628 मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या 72 पानांच्या पुस्तकात हा हिशेब आहे.

आपल्याकडे हा विषय निघाला की ‘आयुर्वेदात सगळं होतंच’ हे वाक्य येतं. चरकसंहितेत हृदयाला दहा महावाहिन्यांचं मूळ म्हटलं आहे. भेलसंहितेत तर रस (अन्नापासून बनणारा पोषक द्रव) हृदयातून निघतो, सर्वत्र जातो आणि शिरांवाटे हृदयाकडे परत येतो, असं सरळ विधान आहे. या ग्रंथाची एकमेव, तीही खंडित पोथी तंजावरच्या मराठा राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात टिकली. निरीक्षण दाद देण्याजोगंच आहे. पण त्या विधानात फुप्फुसं नाहीत, मोजमाप नाही. ते आहे म्हणून हार्वेचं काम आधीच झालं होतं, असं मला म्हणवत नाही.

हार्वेच्या साखळीतही एक कडी तुटकच होती. धमन्यांतलं रक्त शिरांत शिरतं कसं, हे त्याला दिसलं नाही, सूक्ष्मदर्शक नव्हता. 1661 मध्ये बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या, पाहिल्या. हार्वे चार वर्षांपूर्वी वारला होता.

आता वाट सापडली, पण फुप्फुसात रक्त जातं कशाला? ते थंड करायला, असं बरेच जण म्हणत. फुप्फुसांच्या हालचालीने रक्त घुसळलं जातं, असंही मत होतं. त्याचा निकाल 1667 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने लावला. कुत्र्याची छाती उघडून त्याने फुप्फुसांना बारीक टोचे मारले आणि भात्यांनी हवा सतत आत सोडत ठेवली. हवा टोच्यांतून बाहेर पडत राहिल्याने फुप्फुसं फुगलेलीच राहिली, जराही हलली नाहीत. तरी कुत्रा जिवंत. भाते थांबवले की आचके. गरज होती ती ताज्या हवेची. असाच प्रयोग 1664 मध्ये केल्यावर, त्या जनावराचे हाल पाहून हे पुन्हा करवणार नाही, असं हूकने शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलला कळवलं होतं. तरी केला. सोबत होता डॉक्टर रिचर्ड लोअर. 1669 मध्ये त्याने दाखवलं, की काळपट रक्त तांबडं होतं ते हृदयात नव्हे, फुप्फुसांत आणि हवेमुळे. हवेतला तो घटक ऑक्सिजन, हे कळायला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएपर्यंत आणखी शंभरेक वर्षं गेली.

दाबाची बाजू पाद्री स्टीफन हेल्सने उघडली. घोडीच्या धमनीला जोडलेल्या काचेच्या नळीत रक्त 8 फूट 3 इंच चढलं, असं त्याने 1733 मध्ये छापलं. फुप्फुसांच्या वाटेवरचा दाब मात्र माणसात मोजला गेला तो विसाव्या शतकात, शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवण्याचं तंत्र आल्यावर. तो निघाला शरीरातल्या रक्तदाबाच्या वरच्या आकड्याच्या, म्हणजे 120 च्या, जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका. दोन्ही वाटांवरून मिनिटाला रक्त तेवढंच वाहतं, तरी दाबात एवढी तफावत, कारण फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या रक्ताला फार कमी अडथळा करतात. दाब कमी असणं गरजेचंही आहे, कारण वायुकोशांची, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची, भिंत अतिशय पातळ असते. दाब चढला की रक्तातलं पाणी वायुकोशांत झिरपतं. हृदयाची डावी बाजू थकून मागे रक्त तुंबलं की रुग्णाला आडवं होताच धाप लागते, ती यामुळेच. ‘छातीत पाणी झालं’ असं नातेवाईक सांगतात, त्यात कधी कधी हेही असतं.

लोअरने पाहिलेला रंगातला फरक मोजायचं साधन करोनाच्या काळात घरोघरी पोचलं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात शोधलं. बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन तऱ्हेचा प्रकाश जातो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त तो कमी-अधिक शोषतं. अडचण अशी, की बोटात कातडी, हाड आणि शिरांतलं रक्तही असतं. आओयागींनी फक्त नाडीच्या ठोक्यासरशी बदलणारा भाग वेगळा काढला, कारण तो धमनीतल्या रक्ताचा. म्हणूनच हात गार पडले असतील, नाडी बोटापर्यंत नीट पोचत नसेल, तर फुप्फुसं ठणठणीत असूनही आकडा चुकतो.