पार्श्वभूमी : चिप तैवानला कशी पोहोचली

जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी बहुतेक आज तैवानमध्ये तयार होतात. तिथली मजुरी स्वस्त म्हणून हे घडलं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं.

चिपचा मूळ घटक म्हणजे ट्रान्झिस्टर, वीजप्रवाह चालू-बंद करणारा चिमुकला खटका. तो जन्मला १९४७ मध्ये, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये. तिथून ही विद्या पश्चिमेकडे गेली ती माणसांबरोबर. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रयोगशाळा थाटली; वर्षभरात त्यांचे आठ सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. फळबागांचं ते खोरं पुढे सिलिकॉन व्हॅली झालं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फेअरचाइल्डनं चिपच्या जुळणीचं काम हाँगकाँगला नेलं, तेव्हा कारण मजुरीच होतं. पण नुसती जुळणी गेली, विद्या अमेरिकेतच राहिली.

तैवाननं ती मुद्दाम मागून घेतली. फेब्रुवारी १९७४ मध्ये तैपेईतल्या सोयादुधाच्या एका साध्या दुकानात सात जण न्याहारीला जमले. त्यांत आर्थिक व्यवहार मंत्री सुन युन-सुआन होते आणि अमेरिकेच्या आरसीए कंपनीतले पान वेन-युआनही. चार वर्षं आणि एक कोटी डॉलर लागतील, असा अंदाज पान यांनी दिला. सरकारनं तो मानला. १९७६ मध्ये आरसीएशी करार झाला, तरुण इंजिनिअर अमेरिकेत शिकून आले आणि मायदेशी त्यांच्यासाठी प्रायोगिक कारखाना उभा राहिला. सुरुवात झाली ती घड्याळांच्या चिपपासून! शिकून आलेल्याला हात चालवायला जागा मिळाली, हे मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं.

१९८० मध्ये तैवानमधल्या शिनचू शहरात विज्ञान उद्यान, म्हणजे तंत्रज्ञान कंपन्यांची वसाहत, सुरू झालं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन चिप कंपनीत पंचवीस वर्षं काढलेले मॉरिस चँग १९८५ मध्ये तैवानला आले आणि १९८७ मध्ये त्यांची टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी स्थापन झाली. स्वतःच्या नावाची चिप काढायची नाही, फक्त इतरांच्या आराखड्याप्रमाणे बनवून द्यायची, हा तिचा नेम. त्यामुळे कारखाना बांधायची ऐपत नसलेल्या कंपन्याही चिपचे आराखडे करू लागल्या. आराखडा कॅलिफोर्नियात, निर्मिती शिनचूला, आणि त्यासाठी लागणारी सर्वांत अवघड यंत्रं नेदरलँड्समधल्या वेल्डहोव्हनची, अशी वाटणी पुढे रुळली.

भारतही तेव्हा फार मागे नव्हता. मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये चिपचं उत्पादन सुरू झालं होतं. १९८९ मध्ये तो आगीत जळाला. टीएसएमसी तेव्हा दोन वर्षांची होती.