नव्वद दिवसांचं वचन

1942 साली एकोणतीस वर्षांचा एक वकील वॉशिंग्टनमध्ये भावनियंत्रणाच्या सरकारी कचेरीत नोकरीला लागला. महायुद्ध चालू होतं, रबर मिळेनासं झालं होतं, आणि त्याच्या विभागाकडे टायरच्या रेशनिंगचं काम होतं. त्या कागदपत्रांना तो काही महिन्यांतच विटला आणि नौदलात गेला. सरकारनं भाव ठरवायचे, या कल्पनेबद्दलची त्याची नावड मात्र कायम राहिली. या वकिलाचं नाव रिचर्ड निक्सन. आणि 1971 साली साऱ्या अमेरिकेचे भाव आणि पगार गोठवले तेही याच निक्सन यांनी.

हे घडलं कसं, हे समजून घ्यायचं तर महागाई स्वतःला कशी पोसते ते आधी पाहावं लागतं. 1969 मध्ये निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या सल्लागारांचं म्हणणं सरळ होतं: बाजारातला पैसा हळूहळू आवळा, मागणी थंडावेल, भाव खाली येतील. मागणी थंडावली खरी. 1970 च्या अखेरीस बेकारी 6 टक्क्यांवर गेली. पण महागाईही 6 टक्क्यांच्या आसपासच रेंगाळत राहिली. गिऱ्हाईक कमी आणि भाव मात्र चढे, हे जुन्या हिशेबात बसत नव्हतं. कारण लोकांच्या अंदाजात होतं. पुढच्या वर्षी सगळं महागणार असं कामगार धरून चालतात, म्हणून तेवढी पगारवाढ मागतात. पगार वाढले म्हणून कारखानदार भाव वाढवतो, आणि कामगारांचा अंदाज खरा ठरतो. मागणी पडली तरी हे चक्र बराच काळ नुसत्या सवयीनं फिरत राहतं.

विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातल्या अनेकांचा उपाय असा होता की हे चक्र सरकारनं हातानं धरून थांबवावं. ऑगस्ट 1970 मध्ये त्यांच्या बहुमताच्या काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, भाव आणि पगार गोठवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा कायदाच केला. त्यात राजकारण होतं. निक्सन हा अधिकार वापरणार नाहीत आणि महागाईचं खापर त्यांच्याच माथी फोडता येईल, असा होरा होता. निक्सन यांनीही आपण तो वापरणार नसल्याचं सांगून टाकलं.

मग माणसं बदलली. डिसेंबर 1970 मध्ये अर्थमंत्रिपदासाठी निक्सन यांनी चक्क एक डेमोक्रॅट निवडला: टेक्ससचे माजी गव्हर्नर जॉन कॉनली. 1963 मध्ये डलासला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्याच गाडीत बसलेले आणि स्वतःही जखमी झालेले ते हेच. कॉनली अर्थतज्ज्ञ नव्हते, कोणत्याही सिद्धांताला बांधलेलेही नव्हते. जून 1971 मध्ये निक्सन यांनी त्यांना आर्थिक धोरणाचे एकमेव प्रवक्ते केलं. आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष पॉल मॅक्रॅकन आणि अर्थसंकल्पाचं खातं सांभाळणारे जॉर्ज शुल्ट्झ हे बाजारावर विश्वास असणारे अभ्यासक बैठकीत होते, पण शब्द कॉनलींचा चालू लागला. जूनच्या अखेरीस याच कॉनलींनी जाहीर केलं होतं की भाव-पगारावर मंडळ नेमणार नाही, नियंत्रण आणणार नाही, कर कमी करणार नाही आणि खर्च वाढवणार नाही. हे चार नकार सात आठवडेही टिकले नाहीत.

घाई झाली ती सोन्यामुळे. परदेशी मध्यवर्ती बँकांना 35 डॉलरला एक औंस या दरानं सोनं देण्याचं अमेरिकेचं वचन होतं. पण बाहेर साठलेले डॉलर तिजोरीतल्या सोन्याच्या कित्येक पट झाले होते. 13 ऑगस्टला निक्सन निवडक सल्लागारांना घेऊन कॅम्प डेव्हिडला, राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी, गेले, आणि 15 ऑगस्ट 1971 च्या रविवारी रात्री त्यांनी टीव्हीवरून सांगितलं: सोनं देणं बंद, आयातीवर 10 टक्के अधिभार, आणि सगळे भाव-पगार नव्वद दिवस आहेत तिथेच. दुसऱ्या दिवशी शेअर बाजार उसळला. सामान्य माणसालाही कुणीतरी काहीतरी केलं याचं समाधान वाटलं.

विरोधकांची कल्पना मुळात मूर्खपणाची होती असं मला वाटत नाही. लोकांचा अंदाजच महागाई चालवत असेल, तर तो मोडायला थोडा धक्का उपयोगी पडू शकतो. अट एकच: त्या अवधीत पैशाचा पुरवठा आवळलेला हवा. इथे नेमकं उलट झालं. 1971 आणि 1972 या दोन्ही वर्षांत अमेरिकेतला पैसा सुमारे 13 टक्क्यांनी वाढला. उसन्या कल्पनेतला लोकप्रिय अर्धा भाग घेतला गेला आणि कष्टाचा अर्धा सोडून दिला गेला. पैसा वाढल्यावर उत्पादन आणि नोकऱ्या आधी वाढतात, भाव वाढायला वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. 1972 मध्ये महागाई सुमारे 3 टक्के होती. त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत निक्सन 50 पैकी 49 राज्यांत जिंकले.

नव्वद दिवस संपले तरी नियंत्रणं उठली नव्हती. जानेवारी 1973 मध्ये ती सैल केली आणि भाव उसळले. जूनमध्ये पुन्हा साठ दिवसांची गोठवणी आली. या वेळी दुकानातल्या कोंबडीचा भाव गोठवला होता, पण शेतातून येणाऱ्या मक्या-सोयाबीनचा मोकळा होता, आणि धान्य तर जगभर महागलं होतं. कोंबडी वाढवायला लागणारं खाद्य तिच्या विक्रीतून सुटेना. टेक्ससमधल्या वाकीन या गावात सुमारे 43 हजार पिल्लं पिंपांत बुडवून मारण्यात आली. ते दृश्य देशानं टीव्हीवर पाहिलं. भाव म्हणजे नुसता आकडा नसतो. पुढच्या महिन्यात कोंबड्या कमी होणार, आता जपून खा आणि जास्त पाळा, हा निरोप तो गिऱ्हाइकाला आणि पाळणाऱ्याला एकाच वेळी देतो. निरोप अडवला की गिऱ्हाईक पूर्वीइतकंच मागत राहतं आणि पाळणारा पिल्लं मारतो. गुरं पाळणाऱ्यांनीही जनावरं बाजारात आणायची थांबवली.

30 एप्रिल 1974 ला गोठवण्याचा अधिकार देणारा 1970 चा तो कायदा संपला. त्या वर्षी महागाई सरासरी 11 टक्के होती. तिचं सगळं पाप नियंत्रणांचं नव्हतं. ऑक्टोबर 1973 नंतर तेल चौपट महागलं होतं, धान्याची टंचाई होती. पण दाबून ठेवलेले भावही त्याच वेळी सुटले आणि सगळं एकदम अंगावर आलं.

तेलावरची बंधनं मात्र नव्या कायद्यानं चालूच राहिली. देशातल्या विहिरींतलं तेल स्वस्तात विकायचं बंधन असल्यामुळे नव्या विहिरी खणण्यातला फायदा घटला, आणि स्वस्त ठेवलेलं इंधन जपून वापरण्याची निकडही वाटेना. 1974 मध्ये आणि पुन्हा 1979 मध्ये पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. निक्सन राजीनामा देऊन गेले, फोर्ड आले आणि गेले, कार्टर यांनी हळूहळू गाठ सोडायला घेतली. नव्वद दिवसांसाठी म्हणून सुरू झालेल्या या नियंत्रणाचा शेवटचा धागा रोनाल्ड रीगन यांनी कापला, तो जानेवारी 1981 मध्ये.